धडा

भाजीवाली वजनाआधी धडा करते,
रिकाम्या पाटीचं ओझं दुसऱ्या पारड्यात दगडानं फेडते.
मी कोरडे मॉप तोलते.
एक तीस ग्रॅम. बारा मॉप. तीनशे साठ.
चीर पडायच्या आधीच फळ्यावर लिहून ठेवते,
कारण नंतर कोरडं काहीच उरत नाही.

आज मंद्रूपची महानंदा.
काल सकाळपासून कळा, मग बाळाचे ठोके उतरले,
आता रात्रीचे पावणेतीन.
पाठीत सुई देऊन झालीय, डोळे उघडे,
कानडीतून ती देवाशी की वरच्या दिव्याशी
काहीतरी बोलतेय.

आधी पाणी येतं.
बाळाभोवतीचं, कोमट, बाटलीत धो धो.
बाळ निघालं की मी बाटलीवर चिकटपट्टी लावते: चारशे.
इथवर पाणी. इथून पुढे ती.
रक्ताचं पाणी करणं आमच्या घरात पिढीजात,
पाण्यातून रक्त वजा काढायला
मला नर्सिंगला जावं लागलं.

"पाचशे-सहाशे गेलं असेल,"
हत्तुरे सर टाके घालता घालता म्हणतात.
सरांचा हात चांगला. डोळा सगळ्यांसारखाच.
फरशीवर सांडलेलं दिसतं तरी,
कापडात मुरलेलं कोण बघतं?

वडील टॉवेल विणायचे.
व्यापारी एक कोपरा पाण्यात बुडवून बघायचा,
किती पितो ते. जास्त पिणारा माल भारी.
आई विड्या वळायची, आणि मुकादम
नुसत्या नजरेनं छाट काढायचा,
हजारामागे सत्तर, कधी शंभर.
नजरेकडे पावती कुणी मागत नाही.

आणि नरसूमावशी.
घोंगडे वस्तीतल्या खोलीत, चौथ्या खेपेला.
सुईण बाहेर येऊन म्हणाली, कोंचेम पोयिंदी,
थोडं गेलंय.
उजाडेपर्यंत ते थोडं थोडंच जात राहिलं.
खालची गोधडी उचलायला दोघी लागल्या
हे आईनं मला सांगितलं
मी नोकरीला लागले त्या दिवशी, पोळ्या लाटताना.

थोडं हे वजन नाही.

काटा साधाच, किराणा दुकानात असतो तसला.
ओले मॉप पिशवीत घालून ठेवते: एक हजार दहा.
वजा तीनशे साठ, साडेसहाशे.
बाटलीत साडेआठशे, वजा चारशे, साडेचारशे.
कमरेखालचं पॅड, धडा करून, एकशे चाळीस.
बेरीज दोनदा करते, बोलते एकदाच.
"सर, बाराशे चाळीस."

हात थांबत नाहीत. मान थांबते.
भूलवाल्या मॅडम मॉनिटरवरून नजर न काढता विचारतात,
"नक्की?"
मी काटा त्यांच्याकडे फिरवते.

मग सगळंच भराभर.
दुसरी सलाईन, गर्भाशय आवळायचं इंजेक्शन,
बशीर चिठ्ठी घेऊन रक्तपेढीकडे पळतो,
एक चप्पल दाराशीच राहते.
पिशव्या येतात, त्यांच्यावर आकडे छापलेले.
घेतलेल्याचा हिशोब निदान
कुणीतरी नीट ठेवलाय.

पहाटे दाराबाहेर तिचा नवरा.
"काय वो सिस्टर, किती भरलं पोरगं?"
दोन किलो नऊशे.
उभ्या उभ्या तिघांना फोन करून तो आकडा सांगतो.
पेढ्याच्या बॉक्सबरोबर तो मंद्रूपभर जाणार,
पोराच्या लग्नात एखादी आत्या तो परत काढणार.

दुसरा आकडा रजिस्टरात,
निळ्या पेननं.
तो त्यानं विचारला नाही
आणि मीही अजून सांगितलेला नाही.
चहा झाला की सांगेन, बसवून.

ती झोपलीय. ओठांना जरा रंग आलाय.
मी काटा स्पिरिटनं पुसते.
रिकामा आहे, तरी दोन ग्रॅम दाखवतोय.
परत पुसते.