मागचे पॅड

बाबांच्या शेवंडांच्या परवान्यावरून
आन्सेल्म चार वर्षं माझ्याशी बोलला नव्हता.
आज सकाळी अंगणात उभा, हातात लाल पेटी.
म्हणाला, "ओदिल, तुझी गाडी चर्चच्या चढापासून किंचाळते.
मला झोप येत नाही."

शेतिकांमध्ये मार्च म्हणजे मीठ.
रस्त्यावर फेकलेलं, समुद्रानं उडवलेलं,
आणि डोंगरावरून सुएत सुटला
की दाराच्या बिजागरीतसुद्धा.

"हँडब्रेक सोड. मागचं काम आहे.
धरून ठेवलास तर पिस्टन हलायचा नाही."
मी सोडला.
पुढच्या चाकांना दगड लावले, चार,
बाबांच्या लाकडी सापळ्यांतले,
माझ्या भिंतीशी राहून गेलेले.
त्यानं ओळखले. काही म्हणाला नाही.

पाचवा नट अडून बसला.
मग मी पान्याच्या दांड्यावर उभी राहिले
आणि पडू नये म्हणून
त्यानं माझा खांदा धरला.
करकर झाली. सुटला.
खांदा त्यानं जरा उशिरा सोडला.

कॅलिपर काढून तारेनं वर टांगला.
"नळीवर भार टाकू नये," एवढंच.
आतला पॅड पार पत्र्यापर्यंत संपलेला,
बाहेरचा निम्मा शाबूत.
एकाच चाकाचे दोघं, मग असं कसं?
त्यानं गंजलेली पिन दाखवली.
"ही सरकत नाही. मग एकटाच झिजतो,
आणि दुसऱ्याला वाटतं, आपलं बरं चाललंय."

मी कॉफी ठेवायला आत गेले.

पुढचे पिस्टन नुसते दाबले तरी आत जातात.
मागचे तसे ऐकत नाहीत.
दाबायचं, दाबता दाबता फिरवायचं,
अर्धा आटा, पाव आटा,
बॉनेटखाली तेल किती चढलं ते बघायचं, पुन्हा फिरवायचं.
त्याच्या हाताला कंप सुटलेला. कधीपासून, मला माहीत नव्हतं.
मग मी फिरवलं, त्यानं बॅटरी धरली.
उजेड पिस्टनवर थरथरत राहिला
आणि मी त्या थरथरीतच आटे मोजले.

पिना घासल्या, ग्रीस लावलं,
नवे पॅड बसले, दुसरं चाकही झालं.
कॉफी दोनदा गार झाली.
परवान्याचा विषय मी काढला नाही,
त्यानंही काढला नाही. बोललो ते
मेच्या हंगामाबद्दल, आणि बर्फ किती लांबलं त्याबद्दल.

मी किल्ली फिरवली.
"थांब. आधी पेडल दाब."
पाय सरळ तळाला गेला.
तिथे काहीच नव्हतं.
माझ्या पोटात गोळा आला.
"पुन्हा," तो दाराला धरून म्हणाला.
पोकळ.
"पुन्हा."
चौथ्या वेळी पायाखाली
काहीतरी उभं राहिलं.

पैसे घेतले नाहीत.
जाताना वाकला,
चारांतले दोन दगड उचलून
पेटीसोबत घेऊन गेला.