क्रमांक सदतीस

तिफ्लिस, नदीकडची गल्ली, दुसरा मजला,
उत्तरेला काचेचं छप्पर.
माझी कामं तीन: गालांवर गुलाबी,
बटणांवर सोनेरी,
आणि कार्डाच्या मागे नाव. अक्षर वळणदार म्हणून.

गुलाबी फक्त पैसे देऊन बसणाऱ्यांना.

कर्नलची बायको यायची, तिच्या मागे मी
बापाच्या नावासकट सगळं नाव लिहायचे,
डझनाचे साडेचार रूबल.
शमो आला की पैसे आम्ही द्यायचो,
वीस कोपेक, आणि जिन्यात बसून खायला पाव.
बाजारातला हमाल. पाठीवरचं खोगीर
तो दाराशी उतरवून ठेवायचा,
आपण जोडे ठेवतो तसं.

मालक ल्युडेर्स त्याला वरपासून खालपर्यंत बघायचे.
आज लेझगी, म्हणायचे.
मग मेंढीच्या कातड्याची उंच टोपी,
खंजिराची नुसती मूठ आणि रिकामं म्यान,
मागे रंगवलेला डोंगर, ज्याच्या बर्फावर
खरीच बुरशी आली होती.
मानेमागे लोखंडी चिमटा, फोटोत न दिसणारा.
आठ सेकंद. हलू नकोस.
पुढच्या मंगळवारी तोच ओसेती.
मग शाल उलटी करून तातार फळविक्या.
कलिंगड मात्र खरं होतं,
ते आम्ही नंतर चिरून खाल्लं.

एका माणसाला चार टोप्या,
आणि पाचवी पीटर्सबर्गच्या प्रवाशांना,
जे अख्खा संच खोक्यासकट घेऊन जायचे.

कपाळावर लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही म्हणे.
मी पाठीवर लिहायचे:
कॉकेशसचे नमुने, क्रमांक सदतीस.
क्रमांक बारा मीच.
'आर्मेनियन मुलगी, सणाच्या पोशाखात.'
पोशाख खालच्या मजल्यावरच्या विधवेचा,
मागून टाचण्यांनी आवळलेला.
तेही मीच लिहिलं, माझ्याच वळणदार अक्षरात.
हात थरथरला नाही.
सांगायला हवं म्हणून सांगते.

मालक बोर्जोमीला गेले त्या आठवड्यात
शमो न बोलावता आला.
कार्सच्या पलीकडे आई आहे,
एक फोटो पाठवायचाय.
मी चारही कार्डं पुढ्यात मांडली.
तो बराच वेळ बघत राहिला,
दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत घातलेले बघावेत तसा.
याला, तो लेझगीवर बोट ठेवून म्हणाला,
आई घरात घेणार नाही.

मग मीच काच भिजवली, बोटं काळी केली.
खोगीर पाठीवरच राहू दे, म्हणाला.
खोगिरावर चिमटा बसेना.
सहाव्या सेकंदाला खाली कुणीतरी हाक मारली
आणि त्यानं मान वळवली.
ओझं स्वच्छ आलं, दोरीची गाठसुद्धा.
चेहऱ्याच्या जागी धूर.

चालेल, म्हणाला. उभा मीच राहिलोय ना.
मागे काय लिहू विचारलं
तर तो हसला. त्याचं पूर्ण नाव
मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.
ते इथे लिहीत नाही. एकदा लिहिलंय,
ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्यासाठी.

मालक परतले, बिघडलेली काच सापडली,
माझ्या पगारातून नऊ कोपेक गेले.
काच खरवडून, धुऊन पुन्हा वापरली,
कर्नलच्या धाकट्या मुलासाठी, नाविकाच्या वेशातल्या.
गाल मी गुलाबी केले.
त्याच्या खांद्यामागे, उजेडाकडे धरलं
तर दोरीच्या गाठीसारखं काही दिसतं.
मालकांना दाखवलं नाही.
डाग असेल म्हणाले असते,
आणि कदाचित असेलही.