पुरो

सावईच्या कुळागरात, ओहोळाला लागून,
पत्र्याच्या खोपीत आमचा पंप.
सकाळी दहा मिनिटं ओढतो,
मग सुकं खोकतो, नुसता गरगरतो.
थेंब कुठेच नाही. सांधे कोरडे.
भाऊ म्हणतो, गळत नाही ना, मग झालं.

कायतान मेस्त्री म्हणायचा,
फेकणारा पाइप गळला की दिसतो.
ओढणारा गळत नाही, तो श्वास घेतो.
केसाएवढ्या फटीतून वारा आत शिरतो
आणि पाण्याचा धीर सुटतो.
सांध्यांना दाढीचा फेस फास.
जिथे गिळला जाईल, तिथे चोर.

मी फासला. एल्बोने गिळला.
भावाने बसवलेला एल्बो, गेल्या मे महिन्यातला.
वरून एम-सीलचा गोळा, शाळेतल्या मातीकामासारखा
अंगठा फिरवून गुळगुळीत केलेला.
"आता जन्मात सुटत नाही," म्हणाला होता.
वारा थांबला नाही त्याने. पण सुटला नाही, हे खरं.
मोठा पाना, पान्याच्या दांड्यावर हातभर नळी,
नळीला मी आणि शेजारचा गुणाजी लोंबकळलो.
शेवटी करवत.
पितळेचा भुगा दोन दिवस चपलेत टोचत होता.

खाली ओहोळाच्या खड्ड्यात फूट व्हॉल्व्ह.
तो कायतानचा. चौदा वर्षं पाण्याखाली.
उघडायला हवाच होता, जिभेत पोफळीचं पान अडकलं असणार.
गुणाजी आधीच करवत घेऊन गुडघाभर पाण्यात.
मी पाना लावला, डोळे मिटले, जोर दिला.
अर्धा फेरा.
मग हातानेच.

आत आट्यांत पिंजलेली सुतळी, अजून तेलकट,
आणि शेंदूर.

तो शेंदूर फोंड्याच्या बाजारातला.
दुकानदार पुडी बांधताना विचारायचा, कुठल्या मारुतीला?
गळ्यातला क्रूस शर्टात सारत कायतान म्हणायचा,
पाण्यातल्या.
मग अळशीच्या तेलात काडीने घोटायचा
आणि मला हात लावू द्यायचा नाही. विष आहे, म्हणायचा,
देवाला चालतं.

मी तेव्हा सोळा वर्षांची, आणि डावखुरी.
सुतळी उलटी गुंडाळायची. आवळायला गेलं
की सगळी उलगडून मिशीसारखी बाहेर.
तो हसायचा नाही.
आट्याला तुझा हात ठाऊक नाही गो, त्याला त्याचीच वाट ठाऊक.
तोंड आपल्याकडे धर. घड्याळाचा काटा जातो तशी जा.
पहिला आटा उघडा ठेव,
धागा आत सुटला तर व्हॉल्व्हची जीभ बांधून टाकेल.
हाताने जाईल तोवर हाताने,
मग पान्याने दीड फेरा.
मला दोन द्यायचे असायचे, अडीच.
तो मनगट धरायचा: पुरो. पुरो गो.
बीड चिरतं तेव्हा आवाजसुद्धा करत नाही.
आणि आज आवळतेस ते उद्या कुणाला तरी सोडायचंय.
तो मीच असेन असं धरून चालू नको.

नव्हताच तो.
दिवाडीच्या सिमितेरीत आहे, तीन पावसाळे झाले.

शेंदूर आता कुणी देत नाही, पांढरी टेप मिळते.
ब्रशने जुने आटे घासले, त्याची सुतळी
फेकवली नाही, खोपीच्या खिळ्याला अडकवली.
पहिला आटा सोडला. टेप धरली,
आणि हात निघाला उलट्याच वाटेने.
सोडवली. पुन्हा.
घड्याळ. घड्याळ.
एल्बो नवा, व्हॉल्व्ह तोच.
हाताने, मग पान्याने एक. अर्धा.
पाना अजून मागत होता.

"एवढंच?" भाऊ म्हणाला. "सैल राहील."
मी पंप पाण्याने भरला, बटण दाबलं,
सांध्यांना फेस फासला
आणि उकिडवी बसून राहिले.
वर पोफळींच्या पाटात पाणी पोचल्याची
गुणाजीची हाक आली, मी वळले नाही.
फेस जागच्या जागी.
एकेक बुडबुडा
आपल्या आपण फुटत होता.