लघुशंका

पोलंडात वूच नावाचं शहर आहे,
त्या नावाचा अर्थच नाव, पाण्यावरची.
पण पाणी कुठं दिसत नाही.
गिरण्यांच्या दिवसांत इथल्या नद्या
नळांत घालून जमिनीखाली पुरल्या,
आता त्यांच्यावरून ट्राम जाते.

ती ग्राझिना चालवते. वय त्रेपन्न.
वाटेवरचे सगळे संडास तिला पाठ:
पेट्रोल पंपावरचा, चर्चमागचा (रविवारी कुलूप),
आणि शेवटच्या थांब्यावरचा, ज्याची किल्ली
बंद पडलेल्या गिरणीतल्या लाकडी रिळाला बांधलीय
हरवू नये म्हणून.

अकरा थांबे. सव्वीस मिनिटं.
बस बाजूला घेता येते. ट्रामला रूळ सोडता येत नाही.

आधी सकाळचा चहा सुटला, मग दुपारचं सूप,
मग फिक्या रंगाच्या पँटी, बहिणीकडचा मुक्काम,
मग नाटकातली मधली खुर्ची, मग नाटकच.
"कंटाळा येतो," ती सांगायची.
लोकांना ते लगेच पटायचं.

तिची आई सूतगिरणीत दहा दहा तास उभी.
आई म्हणायची, कळ काढ.
कळ काढण्यात ग्राझिनाचा हात कोण धरणार!
पण नोव्हेंबरात, एका सिग्नलला,
मागे चाळीस माणसं, पुढे लाल दिवा,
सीट गरम झाली. मग गार.
तिनं गाडी शेवटपर्यंत नेली,
घंटा वाजवली, दारं उघडली,
आणि सगळे उतरेपर्यंत उठली नाही.

तपासणीत लघवी स्वच्छ. जंतू नाहीत.
"मग काय आहे?"
"वय आहे," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दवाखान्यातली शिकाऊ पोरगी,
तिनं एक तक्ता दिला:
वेळ, किती प्यालात, किती झाली, गळती, शेरा.
आणि जाता जाता विचारलं, झोप लागते का?
ग्राझिना खिडकीकडे बघत राहिली, इतका वेळ
की पोरीनं पेन खाली ठेवलं.

माझ्या भाषेत याला लघुशंका म्हणतात.
लहानशी शंका.
ज्यानं हा शब्द घडवला तो कधी
पहाटे तीनला, चौथ्यांदा उठून,
गार फरशीवर पाय टेकून बसला असेल का?
आधी शंका आली की आधी पाणी,
तिथं बसून ठरवता येत नाही.

तक्ता, दिवस तिसरा, तिच्या अक्षरात:

९.४० – जोराची कळ. सकाळपासून घोटभरही प्यायले नव्हते.
शेरा: तोच सिग्नल. दिवा हिरवा होता तरी.

१.०५ – थोडी गळती.
शेरा: हसले. साबिनानं डेपोच्या साहेबाची नक्कल केली.
(खाली, बारीक:) बऱ्याच दिवसांनी.

रात्री ३.०० – थेंबभर.
शेरा: एक ओळ खोडलेली. मग,
खाली नदी ऐकू येते का, बघत बसले.
नाही आली. पण आहे म्हणतात.

६.१५ – चहा. अर्धा कप.