पावणेदोन हात

शाळेत असताना, मिचोआकानात,
आम्ही बेचाळीस पोरांनी एकदम उडी मारली होती,
पृथ्वी हलते का ते बघायला.
सेफेरीनो जमिनीला कान लावून पडलेला,
ती कण्हली तर त्याने सांगायचं होतं.
काहीच नाही. त्याच्या कानात मुंगी गेली, तेवढंच.
मास्तर म्हणाले, वर गेलात, खाली आलात,
तिचा हिशेब जिथल्या तिथे.

मग मी इकडे आलो, कॅलिफोर्नियात,
आणि तीस वर्षं बोअर मारले.
तुलारेपासून कॉर्कोरनपर्यंत
कुणाच्याही बदामाच्या बागेत उभे राहा,
जवळपास माझं एखादं भोक असणार.
दोनशे फुटांवर लागायचं तेव्हा.
मग चारशे. मग हजार, बाराशे.
सिल्वेराबाई म्हणायची, अजून खाली जा, देल्फिनो,
बँकेला बदाम दाखवायचेत.
गेलो.
वाळू संपून निळी चिकणमाती लागायची,
बोटांवर घेतली की वास यायचा
कुणी कधीच न उघडलेल्या पेटीचा.

रविवारी नोएमीचा फोन.
ती विद्यापीठात उपग्रहांचे आकडे सांभाळते.
म्हणाली, पप्पा, पृथ्वीचा आस सरकलाय.
मी म्हटलं, बर्फ वितळतं म्हणून ना, बातम्यांत होतं.
म्हणाली, बर्फ धरूनही जुळेना.
जमिनीखालून उपसलेलं पाणी मांडलं,
तेव्हा कुठे जुळलं.
सतरा वर्षांत ध्रुव पूर्वेकडे इतका,
आणि सेंटिमीटर सांगितले.
मी ओट्यावर कोपर टेकून मोजलं,
कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, मग पुन्हा:
पावणेदोन हात.

आधी हसलो.
एवढा थोरला भोवरा, त्यावर एवढीशी माशी!
नोएमी म्हणते, ऋतूंना धक्का नाही, घाबरू नका.
घाबरलो नाही.
फक्त ताटातलं तसंच राहिलं.

संध्याकाळी सिल्वेराबाईच्या जुन्या बोअरपाशी गेलो.
चौऱ्याण्णवला केसिंग गुडघ्याला ठेवलं होतं मी.
आता छातीला लागतं.
पाइप काही वाढत नाहीत.
काँक्रीटचा चौथरा अधांतरी,
त्याच्याखाली एका कुत्रीने पिल्लं घातलीत.
लेव्हल काढून चौथऱ्यावर ठेवली.
बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.
ठाऊक आहे, हा कल सिमेंटचा, ध्रुवाचा नव्हे.
तरी बराच वेळ मी
उत्तर कुठली ते शोधत राहिलो.

फोन ठेवताना नोएमी म्हणाली होती,
तुम्ही एकटे नाही, पप्पा, सगळं जग उपसतंय.
समजूत काढत होती
की यादीत माझं नाव वाचत होती,
फोनवर कळत नाही.

मास्तर, उडी मारलेली पोरं खाली येतात, खरं आहे.
पाणी बदामात गेलं, बदाम जहाजात गेले,
उरलं ते वाफ होऊन वाऱ्यावर.
तेही खाली आलं असेल.
इथे नाही आलं.
कुठल्या तरी समुद्रात पडलं,
आणि तेवढं वजन
या कडेवरून त्या कडेवर घेताना
तिने पाऊल जरा बदललं.

उद्या सहाला तुलारेत काम आहे.
तेराशे फूट.
आगाऊ पैसे घेतलेत.