आस मोडला ते ठिकाण

जिल्ह्याच्या कचेरीतून कोरा तक्ता आलाय.
तालुक्याचं नाव. नावाची कथा. चतुःसीमा. डोंगर, नद्या.
शेवटी बोधवाक्य, यमकात असल्यास उत्तम.
शुक्रवारपर्यंत.
साहेब म्हणाले, जरा अभिमान वाटेल असं लिहा, सुपान.

चतुःसीमा सोप्या.
उत्तरेला ओढा, पाच महिने ओढा
आणि सात महिने गुरांची वाट.
पूर्वेला जांभ्याचा माळ. पश्चिमेला धरण.
दक्षिणेला हमरस्ता, बँकॉकच्या बसचा;
त्या सीमेवरून आमची माणसं सांडतात
आणि एप्रिलात, नव्या वर्षाला, तीन दिवसांपुरती परत येतात,
गालांना पांढरी भुकटी, अंगभर पाणी, हातात हप्त्यावरचे फोन.

डोंगर: नाहीत.
आहेत त्या नऊ टेकड्या, पण त्या टेकड्या नव्हेत.
मीठ काढून घेतलेली माती बायकांनी एका बाजूला टाकली,
त्यांच्या लेकींनी तिथंच टाकली,
मग लेकींच्या लेकींनी.
आता त्यांच्यावर चिंचा वाढल्यात, एकीवर मोबाइलचा टॉवर.

नाव: फ्लाओ हाक. मोडलेला आस.
शाळेच्या भिंतीवर रंगवलंय ते असं:
राजाची गाडी काशाचा ढोल घेऊन निघाली होती,
इथं आली नि आस मोडला,
नवा घातला, तोही मोडला,
तेव्हा ढोलालाच इथं राहायचंय हे सगळ्यांना कळलं.
चित्रातले बैल गुटगुटीत आहेत. देव ढगातून हसतायत.

याय खाममून त्या चित्राकडे पाहत नाही.
फेब्रुवारीतलं तिसऱ्या प्रहराचं ऊन,
ती शेतातली पांढरी खपली खरवडतेय,
पोकळ ओंडक्यात माती, माती-तळाशी भाताचा तूस,
खाली थेंब थेंब खारं पाणी.
त्यात लाखेचा खडा टाकते. बुडतो.
"अजून अळणी आहे," म्हणते, आणि मग, त्याच सुरात,
"ढोल कसला? गाडीत माणसं होती.
नदीपलीकडून हाकलत आणलेली, आमचीच.
पायी चालणारी जास्त, गाडीत फक्त म्हातारी आणि बाळंतिणी.
शिपाई झोपल्यावर एकीनं आस करवतला,
वरून शेण थापलं.
सकाळी दहा पावलांवर मोडला."

कोणी?
"माझ्या आजीच्या आजीनं. किंवा तिच्या जावेनं. भांडण आहे त्यावर."
इथंच का?
"रात्री तिनं माती चाटली होती."

गाडीचा आस मोडला, बाईची आस नाही,
असं काहीतरी मला सुचतं, यमकाजवळ जाणारं.
मी खोडते.

करवत कुठंय, विचारते. कचेरीला पुरावा लागतो.
"भंगारात. चाळीस बाहत आले."
आणि तो मोडका आस?
ती हनुवटीनं पश्चिमेकडे दाखवते.
जुन्या विहारात, लाल फडक्यात बांधून ठेवला होता.
विहार धरणात गेला, ती नववीत असताना... नाही, शाळेत ती गेलीच नव्हती,
तिच्या धाकट्या भावाच्या नववीत.
उन्हाळ्यात पाणी उतरलं की सीमाशिळांची टोकं दिसतात.
लोक होडीतून जातात,
पाण्यावर चिकट भाताचा गोळा सोडतात,
मासे खातात. कोणाची हरकत नाही.

लाखेचा खडा पुन्हा टाकते ती.
आता तरंगतो.
पत्र्याच्या कढईखाली जाळ सरकवते,
आणि माझ्या कागदाकडे पहिल्यांदाच नीट बघते.

"काय काय लिहितात यात?"
सगळं, मी म्हणते. इतिहास, भूगोल.
"मग लिही की पाऊस पडला की ही वाट तुटते.
एक मोरी हवी. दोन नळ्यांची.
तीन सरपंचांना सांगून झालंय."

मी तक्ता उलटासुलटा करून बघते.
मोरीला रकाना नाही.
बोधवाक्याला आहे, ऐसपैस, चार ओळींचा.
पेनाचं टोपण काढते.
धुरानं डोळे चुरचुरतात, कढईच्या काठावर
पहिली पांढरी रेघ धरू लागते,
आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिते: दोन नळ्यांची.