बाळबोध

वृद्धांशी कसं वागावं, याचं एक पत्रक
मराठीत करायला आलंय. सोळा पानं, शब्दाला दीड रुपया.
चौथ्या पानावर अडले:
त्यांना इन्फन्टिलाइझ करू नका.

बालकीकरण, असं जुळवून पाहिलं.
म्हटल्याबरोबर महापालिकेचं खातं उभं राहिलं,
खिडकी क्रमांक सात, जेवणाची सुट्टी.
'लहान मूल समजणे' फारच सज्जन वाटलं.
'कुक्कुलं बाळ करणे' यात लाड येतो,
आणि लाडाविरुद्ध कुणी पत्रकं काढत नाही.

मग मुळाशी गेले. लॅटिन.
इन् म्हणजे नाही, फारी म्हणजे बोलणं.
ज्याला अजून वाचा फुटली नाही, तो.
वयाचा उल्लेख नाही. दुधाचे दात नाहीत, दुपटं नाही.
पेन्सिलीनं समासात लिहिलं: न बोलणारा,
एवढ्यात आई आतून म्हणाली,
बँक दीडला बंद होते.

नोव्हेंबर. हयातीचा दाखला.
चेंबूरच्या शाखेत नवी मुलगी, गळ्यात ओळखपत्र,
आवाजात मध:
आज्जी आल्या! बसा हं, अश्शा बसा.
मग माझ्याकडे वळून,
जेवतात ना नीट? सही जमेल की अंगठा घेऊ?
जमेल, मी म्हणाले. जरा वेळ लागतो तिला.
आई आमच्या मधोमध बसलेली,
खुर्चीत, पर्स मांडीवर, चष्मा पुसत.

द्वारका वामन कर्णिक.
चौतीस वर्षं फोर्टातल्या दफ्तरखान्यात
मोडी वाचायची. घोड्यांच्या हरभऱ्याचे हिशेब,
कुणा विधवेचा अर्ज, कुळांची भांडणं.
कसरीनं खाल्लेल्या जागी काय असेल
ते आधी स्वतःशी म्हणून बघायची,
मगच लिहायची.

तिनं सही केली, हात न उचलता, एका दमात,
जशी करते तशी.
अय्या, रेघोट्या नको आज्जी,
नाव लिहायचं, नाव. द्वा, र, का.

आईनं वर पाहिलं.
बाळबोध हवंय का तुम्हाला?

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.
देवनागरी म्हणतेय, मी सांगितलं.
पूर्वी तेच नाव होतं. आणि ही मोडी आहे,
तिची सही पहिल्यापासून मोडीतच आहे, हवं तर कार्ड बघा,
आणि ती अमुक, आणि ती तमुक.
मी बोलतच राहिले. फार छान बोलले.
आईनं टोपण लावलं पेनाला.

एक्क्याऐंशीचं कार्ड पडद्यावर आलं.
तीच वळणं, शाई तेवढी निळी.
मॅच होतेय, मुलगी म्हणाली. मला.
म्हणजे आई जिवंत आहे, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.

बाहेर मी तिचं कोपर धरलं. पायरी आहे हं.
दिसतेय.
स्टेशनसमोरच्या अण्णाकडे दोन फिल्टर कॉफी.
यांना साखर कमी, मी म्हणाले.
दोन चमचे, आई म्हणाली, अण्णाला, माझ्या डोक्यावरून.
रिक्षात बसताना:
बाळ, ओढणी आत घे, चाकात जाईल.
मी एकसष्ट वर्षांची. मुकाट्यानं आत घेतली.
यात मला काहीच खुपलं नाही,
हे कुठल्या पानावर बसवू कळत नाही.

रात्रीचे साडेनऊ. चौथं पान अजून कोरं.
समासात तो न बोलणारा तसाच बसलेला.
घरात चौतीस वर्षांचे शब्द भाजी निवडत होते
आणि मी सकाळपासून कोश चाळत होते.
आई, मी म्हटलं, एक शब्द अडलाय.
सगळं सांगितलं, लॅटिनसकट. बँक वगळून.

तिनं गवारीची शेंग ताटात ठेवली.
शिर बोटाला तशीच गुंडाळलेली.
ओठ हलले, आवाज नाही,
कसरीच्या भोकाशी थांबायची तशी थांबलीय.
माझ्याकडे दोन शब्द तयार आहेत, तिला सुचवायला.
पंखा फिरतोय.
ती अजून स्वतःशी म्हणून बघतेय.